हेलिगची कुटी : न संपणारा जीर्णोद्धार

उत्तर वेल्समधील कॅपल किरिग या छोट्या गावातून लंडन–होलीहेड हा जुना राजमार्ग पश्चिमेकडे निघतो आणि ओग्वेनच्या खोऱ्यात शिरतो. थॉमस टेलफर्ड या स्थापत्यविशारदाने १८१५ नंतरच्या दशकात या मार्गाची नव्याने आखणी केली. पुढे १८२६ मध्ये मेनाई सामुद्रधुनीवरील झुलता पूल उभा राहिला आणि लंडनहून आयर्लंडकडे जाणारी टपाल-वाहतूक या खोऱ्यातून अखंड सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दलदलीची कुरणे, त्यांत चरणाऱ्या मेंढ्या आणि समोर ट्रव्हन हा ९१७ मीटर उंचीचा, तीन शिखरांचा काळा कडा. याच रस्त्यालगत, डोळ्यांत भरू नये इतके साधे, पाटीच्या दगडाच्या छपराचे एक घर आहे. त्याचे नाव हेलिग. वेल्श भाषेत या शब्दाचा अर्थ वाळुंजाची झाडे.

हे घर ‘क्लाइंबर्स क्लब’ या गिर्यारोहकांच्या संस्थेच्या मालकीचे आहे. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबची पाळेमुळे याच डोंगरातल्या पेन-ई-ग्वरिड नावाच्या पांथस्थगृहात आहेत. १९२५ पासून हेलिग ही क्लबची कुटी झाली. ना तो राजवाडा, ना कोणा सरदाराची हवेली. त्याच्या बांधणीत कलाकुसर नाही, दारावर शिलालेख नाही. तरीही शंभर वर्षे एका संस्थेने ते सांभाळले, वाढवले, दुरुस्त केले. कोणत्याही जुन्या वास्तूचा वारसा ज्यांच्याकडे आला आहे, त्यांनी समजून घ्यावे असे या सांभाळण्यात बरेच काही आहे.

गरिबाचे घर, साहसवीरांचा तळ

जॉर्ज बॉरो हा इंग्रज लेखक १८५४ मध्ये वेल्समधून पायी हिंडला. त्या भटकंतीचे त्याचे ‘वाइल्ड वेल्स’ हे पुस्तक १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. या वाटेवर त्याला दिसलेल्या एका दरिद्री खोपटाचा उल्लेख त्यात आहे आणि ते खोपट म्हणजेच आजचे हेलिग, अशी समजूत गिर्यारोहकांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्या काळी या खोऱ्यातील घरे कशी होती याची कल्पना तिच्यातून येते. शेतातून वेचून काढलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, अगदी लहान खिडक्या, एक चूल आणि एकच छप्पर. अशा घरांत मेंढपाळ, मजूर आणि खाणकामगार राहत.

पहिल्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. त्याआधी वेल्सच्या डोंगरांत गिर्यारोहणासाठी येणारे बहुतेक लोक प्राध्यापक, वकील किंवा सधन घरांतील असत आणि ते पांथस्थगृहांत उतरत. युद्धानंतर लिव्हरपूल, मँचेस्टरसारख्या व्यापारी शहरांतील कारकून, विद्यार्थी आणि शिकाऊ तरुण सुट्टीच्या दिवशी डोंगरांकडे वळू लागले. पांथस्थगृहाचे भाडे त्यांच्या खिशाला परवडणारे नव्हते. अशा वेळी हर्बर्ट कार यांच्यासारख्या तरुण सभासदांनी धडपड करून हे रिकामे घर क्लबसाठी मिळवले. क्लबची स्वतःची ही पहिली कुटी. गादी, चूल, पाणी आणि डोक्यावर छप्पर, एवढ्याच भांडवलावर तिचा कारभार सुरू झाला.

या कुटीत वावरलेल्या तरुणांपैकी कॉलिन कर्कस हा लिव्हरपूलमधील एका विमा कंपनीत कारकून होता. डोंगरांच्या ओढीने तो शहरातून सायकलीने वेल्समध्ये येई. १९३० मध्ये क्लॉग्विन दुर अर्दू या कड्यावरील ‘ग्रेट स्लॅब’ ही वाट त्याने प्रथम सर केली. त्याचा समकालीन मेनलव्ह एडवर्ड्‌स हा लिव्हरपूलचाच डॉक्टर, पुढे मनोविकारतज्ज्ञ झालेला. या डोंगरांतील चढाईच्या मार्गांची मार्गदर्शक पुस्तके लिहिण्यात त्याचा मोठा वाटा होता. दिवसभर कड्यावर केलेले प्रयत्न संध्याकाळी या कुटीतील टेबलावर कागदावर उतरत. वाट कुठून सुरू होते, दोर किती लागतो, कोणता टप्पा अवघड आहे, याचे ते टिपण म्हणजे जणू डोंगराची रोजकीर्दच होती.

भारताशी या कुटीचा खरा संबंध इथून सुरू होतो. १९३३ मध्ये मार्को पॅलिस यांच्या नेतृत्वाखाली एक छोटी मोहीम गढवालमध्ये गंगोत्री हिमनदीकडे गेली. तीत कर्कस होता. चार्ल्स वॉरन यांच्यासह त्याने त्या वेळी ‘मध्य सतोपंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिखराचा माथा गाठला. आज आपण त्याला भागीरथी ३ म्हणतो. त्याची उंची साडेसहा हजार मीटरच्या आसपास आहे. मोठा लवाजमा नाही, वरच्या टप्प्यांत हमालांची रांग नाही. वेल्सच्या ओल्या कड्यांवर दोघांच्या दोरावर शिकलेली विद्या त्यांनी हिमालयात वापरली. हा कर्कस दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानाचा मार्गदर्शक अधिकारी झाला आणि १९४२ मध्ये ब्रेमेनवरील हल्ल्यातून परतलाच नाही.

यानंतर वीस वर्षांनी, १९५३ च्या आरंभी, जॉन हंट यांच्या नेतृत्वाखालील एव्हरेस्ट मोहिमेतील इंग्लंडमधील सभासद हेलिगमध्ये जमले आणि प्राणवायूची उपकरणे पाठीवर घेऊन आसपासच्या उतारांवर त्यांची चाचणी करू लागले. एडमंड हिलरी तेव्हा न्यूझीलंडमध्ये होते आणि तेनसिंग नोर्गे दार्जिलिंगला. त्यामुळे ज्या दोघांची पावले २९ मे १९५३ रोजी शिखरावर उमटली, ते या कुटीत त्या वेळी नव्हते. पण ज्यांनी त्यांच्यासाठी वाट तयार केली, ओझी वाहिली आणि उपकरणे पारखली, त्यांच्यापैकी अनेकांच्या ओल्या बुटांनी हेलिगच्या फरशीवर चिखल आणला होता.

दगड, चुना आणि पाणी

अशा घराची दुरुस्ती करायची म्हणजे प्रथम पाण्याशी सामना. कॅपल किरिग हा ब्रिटनमधील सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक. तेथे वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा आकडा मोठा वाटणार नाही. परंतु महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि मग भिंतींना वाळायला आठ महिने मिळतात. वेल्समध्ये पाऊस बाराही महिने वाटून येतो. ऊन मंद, हवा ओली. भिंत एकदा भिजली की वाळण्याची संधी तिला क्वचितच मिळते.

जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. दगडांमधल्या दरजा ते चुन्याने भरत. चुना मऊ असतो. तो पाणी शोषतो आणि हवा मिळताच ते बाहेर सोडतो. घर स्थिरावताना दगड किंचित हलला तर चुनाही त्याच्याबरोबर हलतो. विसाव्या शतकात सिमेंट स्वस्त आणि सुलभ झाले, तेव्हा असंख्य जुन्या घरांच्या दरजा सिमेंटने बुजवण्यात आल्या. दिसायला काम पक्के झाले. प्रत्यक्षात सिमेंटच्या बारीक तडांतून पाणी आत शिरले आणि बाहेर पडण्याचा मार्ग बंद झाल्याने भिंतीतच अडकले. मग आतल्या बाजूला ओल, पोपडे, लाकडाला बुरशी. म्हणून आज असा जीर्णोद्धार करणारे जाणकार पुष्कळदा नवे काही घालण्याआधी आधीच्या दुरुस्तीत घातलेले सिमेंट हलक्या हाताने खरवडून काढतात आणि पुन्हा चुन्याने दरजा भरतात. महाराष्ट्रातील पेठांमध्ये पूर्वजांचे चुन्याच्या बांधणीचे वाडे ज्यांच्याकडे आहेत, त्यांना या अनुभवाची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही.

छपराची कथा याहून बोधक आहे. ओग्वेनच्या खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बेथेस्डा येथे पेन्रिनची खाण आहे. एके काळी जगातील पाटीच्या दगडाच्या सर्वांत मोठ्या खाणींत तिची गणना होई. ज्या प्रकारच्या दगडाची पाटी हाती घेऊन आपल्याकडील पिढ्यांनी मुळाक्षरे गिरवली, त्याच प्रकारच्या दगडाच्या पातळ कापांनी युरोप-अमेरिकेतील शहरांची छपरे शाकारली गेली. व्यापारात या कापांच्या आकारांना ‘डचेस’, ‘काउंटेस’, ‘लेडी’ अशी सरदार घराण्यांतील स्त्रियांची बिरुदे होती. या वैभवाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. खाणमालक घराण्याच्या संपत्तीचा एक मोठा स्रोत जमैकातील गुलामांच्या श्रमावर चाललेले उसाचे मळे हा होता आणि पेन्रिनच्या कामगारांना १९०० ते १९०३ अशी तीन वर्षे संप व टाळेबंदी सोसावी लागली. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या या पाटी-प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या दगडाचे वैशिष्ट्य असे की चांगला काप शंभर वर्षे सहज टिकतो, पुष्कळदा त्याहून अधिक. मग छप्पर गळते का? कारण काप टिकतो, पण तो ज्या खिळ्याने रिपेला ठोकलेला असतो तो लोखंडी खिळा गंजतो. खिळा तुटला की काप घसरतो. एक घसरला की पाणी रिपेवर येते, रीप कुजते आणि मग पूर्ण ओळ सैल होते. म्हणून जाणता कारागीर छप्पर उतरवताना प्रत्येक काप बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत आवाज आला तर तो बाजूला रचून ठेवतो, बद्द वाजला तर टाकून देतो. राखलेले काप नव्या रिपांवर, तांब्याच्या खिळ्यांनी पुन्हा बसतात. महागाची वस्तू शाबूत असते, क्षुल्लक वस्तूने दगा दिलेला असतो. इमारतींप्रमाणे पेढ्यांच्या आणि संस्थांच्या बाबतीतही हे पुष्कळदा खरे ठरते.

आणखी एक बंधन आहे. ब्रिटनमध्ये वटवाघळांना कायद्याचे संरक्षण आहे. जुन्या छपराच्या पोकळीत त्यांचा निवारा असण्याची शक्यता असेल तर काम सुरू करण्यापूर्वी जाणकाराकडून पाहणी करून घ्यावी लागते. ती आढळल्यास परवाना घेऊन, त्यांच्या विणीचा हंगाम टाळून, त्यांची जागा राखूनच छपराला हात लावता येतो. त्यामुळे कामाचे वेळापत्रक कित्येक महिने पुढे जाऊ शकते. घराच्या मालकीची कागदपत्रे कोणाच्याही नावे असोत, त्या घरात राहणाऱ्या मुक्या जिवाचाही त्यावर काही हक्क आहे, हे तेथील कायद्याने मान्य केले आहे.

मूळ रूप कोणते?

जीर्णोद्धार म्हटले की ‘वास्तू मूळ रूपात आणणे’ हे शब्द सहज ओठांवर येतात. हेलिगसारख्या घरापुढे ते शब्द अडखळतात. मूळ रूप म्हणजे बॉरोच्या काळचे, गरिबाच्या दैन्याचे खोपट? तसे पुन्हा बांधण्यात कोणाचा सन्मान होणार? मग १९२५ ची क्लबची पहिली कुटी? पण १९३३ मध्येच ती अपुरी पडली आणि क्लबने तिचा विस्तार केला. ज्या घरात १९५३ ची एव्हरेस्ट मंडळी राहिली, ते या विस्तारानंतरचे घर होते. त्यानंतरही आधुनिक सोयी येत गेल्या.

तेव्हा हेलिगचे मूळ रूप त्याच्या उपयोगात शोधावे लागते. डोंगरावरून भिजून आलेल्या माणसाला कोरडे करणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगरावर पाठवणे, हे त्या घराचे काम. त्या दृष्टीने पाहिले तर तेथे सर्वांत महत्त्वाची खोली दिवाणखाना नव्हे, तर ओले कपडे आणि दोर वाळवण्याची खोली. पण प्रश्न सोपा होत नाही. दहा-बारा माणसांचे ओले कपडे एका खोलीत वाळले की ते सारे पाणी वाफेच्या रूपाने भिंतींत जाते. माणसाला कोरडे करावे तर घर ओले होते. खिडक्या घट्ट बंद करून ऊब राखावी तर भिंतींचा श्वास कोंडतो. उघड्या ठेवाव्या तर जळणाचा खर्च वाढतो. अग्निसुरक्षेसाठी संकटकाळचा दुसरा मार्ग हवा, म्हणजे जुन्या भिंतीला नवे भगदाड आले. सोय वाढवावी तर घराचे साधेपण जाते आणि साधेपण हट्टाने राखावे तर नवी पिढी फिरकत नाही.

असाच प्रश्न क्लबच्या इतर कुट्यांपुढेही आहे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर बोसिग्रन येथे क्लब वापरत असलेली कुटी पूर्वी कथलाच्या खाणीची पेढी होती. तेथे खाणीचे हिशेब लिहिले जात आणि कामगारांचे पगार वाटले जात. तिचे नाव अजूनही ‘काउंट हाउस’, म्हणजे हिशेबघर, असेच आहे. खाण बंद पडली, यंत्रे गेली, खाणमालकांचे समभाग रद्दी झाले. हिशेबघर मात्र उभे राहिले, कारण त्याला वेळीच नवा उपयोग मिळाला. त्याच किनाऱ्यावर खाणींच्या कित्येक इमारती आज केवळ धुराडे आणि चार भिंती एवढ्याच उरल्या आहेत.

जमाखर्चाची बाजू

क्रीडा-संस्थेच्या मालकीची जुनी वास्तू ही ताळेबंदात विचित्र नोंद असते. ती मालमत्तेच्या बाजूला लिहावी, तर विकायची नाही म्हणून तिला बाजारभाव नाही. खर्चाच्या बाजूला पाहावे, तर दरवर्षी तीच संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा खाते. मुक्कामाचे शुल्क सभासदांना परवडेल एवढेच ठेवावे लागते, नाही तर कुटीचा हेतूच हरवतो. त्या शुल्कातून वीज, जळण, पाणी आणि विमा भागतो. छपरासारखा मोठा खर्च मात्र तीसचाळीस वर्षांतून एकदाच दारात उभा राहतो आणि ज्या पिढीने त्यासाठी दरवर्षी थोडे बाजूला टाकले नाही, तिच्या पुढच्या पिढीवर तो सगळा एकदम कोसळतो. व्यवहारात ज्याला घसाऱ्याची तरतूद म्हणतात, ती येथे केवळ हिशेबाची रीत राहत नाही. आजच्या उपभोगाची किंमत आजच चुकती करण्याचा तो प्रामाणिकपणा आहे.

करव्यवस्थाही जुन्या घराला अनुकूल नाही. ब्रिटनमध्ये नवे राहते घर बांधले तर त्यावर मूल्यवर्धित कर शून्य दराने लागतो. अस्तित्वात असलेल्या इमारतीच्या दुरुस्तीवर मात्र सामान्यतः २० टक्के. म्हणजे पाडून नवे बांधणाऱ्याला सवलत आणि जुने टिकवणाऱ्याला भार. वास्तुसंरक्षणाची बाजू मांडणाऱ्या संस्था या विषमतेविरुद्ध दीर्घकाळ बोलत आल्या आहेत.

या साऱ्याला क्लबचे उत्तर साधे आहे. प्रत्येक कुटीला सभासदांपैकीच एक पालक नेमला जातो. तो पगारी नोकर नसतो. किल्ल्यांची, आरक्षणाची, तुटक्या बिजागरीची आणि तुंबलेल्या पन्हाळीची काळजी तो वाहतो. वर्षातून काही दिवस सभासद डोंगर चढण्याऐवजी हातांत कुंचला, कुदळ आणि शिडी घेऊन कुटीवर येतात. ज्या कामाला खास कारागीर लागतो ते पैसे देऊन करवून घेतले जाते. जे आपल्या हातांनी होते ते हातांनीच होते. अशा दिवशी रंगकाम करणाऱ्यांत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस आणि नुकता सभासद झालेला विद्यार्थी शेजारी शेजारी असू शकतात.

एव्हरेस्ट, गंगोत्री ही नावे सांगून देणगी मागणे त्या मानाने सोपे असते. नव्या दालनाला नाव द्यायला देणगीदार मिळतो. पन्हाळी साफ करण्यासाठी कोणी आपल्या वडिलांच्या नावाची पाटी लावत नाही. पण छप्पर वाचवते ती पन्हाळीच. तुंबलेल्या पन्हाळीतून भिंतीवर ओघळलेले पाणी दोन हिवाळ्यांत जेवढी हानी करते, तेवढी भरून काढायला पुढे मोठा निधी लागतो. आपल्याकडील धर्मशाळा, वाचनालये, तालमी आणि जुन्या शाळा यांच्या विश्वस्तांनी ओग्वेनच्या खोऱ्यापर्यंत जाऊन पाहावे असे काही असेल, तर ते हेच : वारसा एका मोठ्या समारंभात सुरक्षित होत नाही, तो दर पावसाळ्यापूर्वीच्या सकाळी शिडी लावण्याने होतो.

आता रस्ते चांगले झाले आहेत. लिव्हरपूलहून कर्कसला सायकलीने जो दिवस घालवावा लागे, ते अंतर मोटार दोन तासांच्या आसपास तोडते. मुक्काम न करताही डोंगर चढून घरी परतता येते. त्यामुळे कुटीला आज सर्वांत मोठा धोका रिकामेपणाचा आहे. चूल न पेटणारे घर पावसापेक्षा लवकर ढासळते, हे दोन्ही देशांतील जुन्या माणसांना ठाऊक आहे. म्हणून क्लब आपल्या कुट्या इतर संस्थांच्या गिर्यारोहकांसाठीही खुल्या करतो. मालकी आपली, उपयोग अनेकांचा, या तत्त्वानेच त्या उबदार राहतात. भारतातील हिमालय-अभ्यासकांची ‘हिमालयन क्लब’ ही १९२८ मध्ये स्थापन झालेली संस्था आज मुंबईतून चालते. डोंगराची ओढ आणि नोंदी जपण्याची शिस्त यांचा वारसा तीही याच परंपरेतून सांगते.

हेलिगच्या दारातून बाहेर पाहिले की ट्रव्हन समोर उभा असतो. त्याच्या माथ्यावर ‘आदम’ आणि ‘ईव्ह’ नावाच्या दोन उंच शिळा आहेत. एकीवरून दुसरीवर उडी मारणाऱ्याला त्या डोंगराचे नागरिकत्व मिळते, असा तेथील विनोदी संकेत आहे. त्या शिळांना ना रंग लागतो, ना चुना. माणसाने बांधलेल्या घराला ते भाग्य नाही. त्याचा कोणता ना कोणता खिळा दरवर्षी गंजत असतो आणि कोणीतरी तो वेळेवर बदलावा लागतो. १९२५ पासून हेलिगमध्ये तो बदलणारा कोणी ना कोणी मिळत आला आहे, म्हणूनच त्या घराचे छप्पर आजही जागेवर आहे.